तणसाचे बोळे

माझं अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला शाळेत असतानाही कळत नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि पावसाळ्यात नाल्याला कंबरभर पाणी असायचं. आता पेन धरलं की बोटं आखडतात आणि ओळ खाली खाली घसरत जाते. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसं समोर असली की माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून कागदावर उतरवून पाहते. त्या हिवाळ्याची भीती अजून अंगातून गेलेली नाही.

आमचं गाव अड्याळच्या बाजूला आहे आणि घर बोडीच्या काठावर. बोडी म्हणजे लहान तलाव, धानाला पाणी द्यायचा. हिवाळ्यात सकाळी बोडीवरून धुकं उठतं ते परसातून थेट चुलीपर्यंत येतं. दोरीवरचे कपडे दुपारीसुद्धा ओलसर लागतात. घरात माझे मालक, आमची मुलगी, मी आणि माझी सासू. मालक वरठीला कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. मोटरसायकलने जातात, येतात आणि जेवून झोपतात. सासूला मी आत्याबाई म्हणते.

आत्याबाई बाळंतिणींना न्हाऊ घालतात. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण घरी आणल्यावर सव्वा महिना बाईच्या अंगाला तेल लावायचं, कढत पाण्याने आंघोळ घालायची, खाटेखाली शेगडी ठेवायची आणि बाळाला ओव्याची धुरी द्यायची, हे काम आत्याबाईंचं. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं येतं. घरात पाऊल टाकल्याबरोबर त्या आधी बाळंतिणीची खोली पाहतात. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबतात, दाराखाली पोतं लावतात. "माह्या हातचं एकबी लेकरू हिवानं गेलं नाही," असं त्या म्हणतात, आणि ते खरं आहे. त्या वाटेने चालल्या की मोठमोठी माणसं बाजूला होऊन नमस्कार करतात. त्यांच्या हातची आंघोळ झालेलीच असतात ती.

कोंबड्यांचे पैसे त्यांनीच दिले होते. रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या, कामात वाकून वाकून माझी कंबर गेली. डॉक्टरांनी चिखलात उतरायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मजुरी बंद झाली. कोंबड्या पाळाव्या असं माझ्या मनात होतं, पण मी ते बोलले नाही. मालकांनी विचारून घेतलं आणि त्यांनीच आपल्या आईजवळ विषय काढला. आत्याबाईंनी तांदळाच्या कोठीमागून डबा काढला. घराघरांतून मिळालेल्या नोटा त्यात साठवलेल्या होत्या. पैसे त्यांनी माझ्या हातात दिले, मालकांच्या नाही.

"हे माह्या म्हातारपनाचे हायेत वं," त्या म्हणाल्या. "हातपाय चालते तोवर ठीक. मंग मले कोन पाहीन? कोंबड्या मेल्या त माहे पैसे मेले. समजलं?"

मी मान हलवली. त्या दिवसापासूनच मला नीट झोप नव्हती.

गवंड्याने परसात शेड बांधून दिलं. कमरेइतकी विटांची भिंत, तिच्यावर जाळी आणि वर टिन. टिनाच्या अगदी खाली, दोन्ही बाजूंना, खांबांवर टेकलेल्या पट्टीवर विटांची एक ओळ होती, तिच्यात त्याने एकेक वीट सोडून झरोके ठेवले. मी पाणी द्यायला गेले तेव्हा बोट दाखवून म्हणाला, "हे हवेसाठी." मी आणखी काही विचारलं नाही. दिवाळीनंतर महिनाभराची गावरान पिल्लं आणली. जमिनीवर राइस मिलमधलं तूस, धानाची टरफलं, अंथरलं. पिल्लं त्यात पाय मारत, उकरत, अंग घुसळत असायची. मी त्यांच्याजवळ बसायची तेव्हा मात्र मला भीती वाटत नसे. त्यांच्याशी मी बोलायचीसुद्धा.

मग थंडी वाढली. एका सकाळी एक पिल्लू कोपऱ्यात पाय ताठ करून पडलेलं दिसलं. मी ते पदराखाली लपवून बोडीकडे निघाले होते, पण आत्याबाईंनी पाहिलं.

"दाखव."

मी दाखवलं.

"हिव लागलं याले. अशी उघड्यावर ठेवते का कोनी लेकरं? चारी बाजूनं जाळी! तुह्या पोरीले असं ठेवलं होतं का मी?"

त्याच दिवशी त्यांनी शेड आपल्या हातात घेतलं. बारदान्याची पोती दाभणाने शिवून जाळीवर चढवली, वरून जुन्या गोधड्या, आणि गोधड्या भिजू नयेत म्हणून प्लास्टिक. मला स्टुलावर चढवलं आणि खालून तणसाचे बोळे देत गेल्या. तणस म्हणजे मळणीनंतर उरलेलं धानाचं गवत. एकेका झरोक्यात मी एकेक बोळा कोंबला. "आनखी दाब," त्या म्हणायच्या, "बोट जाऊ नये." मग आत शेगडी आली, गोवऱ्यांची. संध्याकाळी ओव्याची धुरी. शेवटी त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"आन हा कचरा कायले अंथरला? बाळंतिनीच्या खोलीत कचरा असते का? झाड सगळं. रोज सकाळी सारवत जा."

मी तूस झाडून बाहेर टाकलं आणि शेणाच्या पाण्याने जमीन सारवली. घरच्यासारखी, कोपऱ्यापासून दारापर्यंत, एकसारखी बोटं फिरवून. छान दिसत होतं. आत पाऊल टाकलं की ऊब लागायची. शेजारच्या काकू पाहायला आल्या आणि दारातच हसायला लागल्या.

"काय बाप्पा, कोंबड्यायचं बाळंतपन! डिंकाचे लाडू कवा वाटता जी?"

"हसा," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या सुनेले म्याच उभं केलं."

मीही हसले होते, पण पदर तोंडावर होता.

आठवडाभर बरं चाललं. आणखी एकही पिल्लू मेलं नाही आणि आत्याबाई ते वाटेवरच्या प्रत्येकाला सांगत होत्या. मग एक दिवस सकाळी दार उघडलं तर डोळ्यांत झोंबलं. कांदा चिरल्यासारखं नाही, त्याहून तिखट, नाकातून थेट डोक्यात जाणारं. मी सारवायला खाली बसले तर मानेवर थेंब पडला. वर पाहिलं. टिनाच्या आतल्या बाजूला सगळीकडे थेंब लोंबत होते, एकाला एक लागून. बाहेर आकाश कोरडं होतं आणि आत पाऊस जमला होता.

मी फडक्याने टिन पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच थेंब. काल सारवलेली जमीन आज वाळलेली नसायची, आणि तिच्यावरच मी पुन्हा सारवायची. पिल्लांच्या पायांना चिखलाचे गोळे चिकटले. ते मी कोमट पाण्यात पाय बुडवून सोडवायची. पिल्लांचे डोळे चिकटू लागले. आणि मग घशातला आवाज सुरू झाला. खर्र, खर्र. संध्याकाळी सगळी एकत्र बसली की तो आवाज सगळ्यांचा मिळून यायचा. त्या आवाजाला मी अजूनही भिते. रस्त्यावर कोणी म्हातारा माणूस खोकला तरी दचकते.

मग रोज एखादं मरू लागलं. मी लपवणं सोडलं होतं. आत्याबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "हिव कुठूनतरी शिरून राह्यलं. पाह्य, कुठं फट आहे काय." मी फट शोधायची. फट कुठेच नव्हती.

गावात लोक बोलू लागले. कोणी म्हणालं मानमोडी आली, कोंबड्यांच्या माना वाकड्या करणारी साथ. कोणी म्हणालं बर्ड फ्लू, आता सरकारी माणसं पोती घेऊन येतील आणि गावातल्या सगळ्यांच्याच कोंबड्या नेतील. दोन बाया पाणवठ्यावर माझ्याकडे पाहून बोलायच्या थांबल्या. मला वाटायचं, आत्याबाईंचे पैसे तर जातीलच, वर साऱ्या गावाच्या कोंबड्याही माझ्यापायी जातील. माझ्या हाताला काम नाही, कंबर नाही, आणि हे बुडालं तर त्या घरात मी कोणत्या तोंडाने भाकरी खाऊ? मालक म्हणाले, "अवं, होते असं धंद्यात." त्यांना काय, ते सकाळी निघून जायचे. दिवसभर आत्याबाईंसमोर मी असायची.

मालकांनी फोन करून गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. तरुण होता, मोटरसायकलवर आला. मी दाराआड उभी राहिले आणि आत्याबाई बोलल्या. त्याने दोन पिल्लं हातात घेऊन पाहिली, चोच उघडली, डोळा उलटवला. मानमोडी नाही म्हणाला. पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं. जाताना गाडीला किक मारता मारता म्हणाला, "हवा खेळती ठेवा, मावशी."

तो गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "हिवाच्या दिवसात हवा! मारतो काय लेकरायले? याचं लग्न तरी झालं का?"

मी हसले नाही. माझ्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. एकीकडे डॉक्टर, एकीकडे आत्याबाई. आत्याबाईंच्या हातचं एकही लेकरू गेलं नव्हतं. डॉक्टर पोरगाच होता. मला काय कळत होतं?

दुसऱ्या दिवशी आत्याबाई दुसऱ्या गावाला एका बाळंतिणीच्या घरी गेल्या. मी शेडमध्ये शिरले, दार आतून लावलं आणि पेटत्या शेगडीजवळ पिल्लांच्या बरोबरीने खाली जमिनीवर बसले. ती बसतात तिथे, तेवढंच खाली. उभं राहून जे कळत नव्हतं ते खाली बसल्यावर लगेच कळलं. तो तिखट वास, ओलाव्यात कुजलेल्या त्यांच्या घाणीचा, जमिनीजवळ जास्त होता. डोळ्यांतून पाणी आलं, मग घसा धरला, आणि मग डोकं जड झालं. आणि ते जडपण मला ओळखीचं वाटलं.

माझी मुलगी झाली तेव्हाही हिवाळा होता. आत्याबाईंनी खोली अशीच बंद केली होती. खाटेखाली शेगडी, दाराखाली पोतं. एका दुपारी माझं डोकं असंच जड झालं. हाताला मुंग्या आल्या. कुशीतली पोर रडायची थांबली होती आणि मला तिला हलवताही येत नव्हतं. हाक मारावी असं वाटलं. पण बाहेर ओसरीत सासरे, ते तेव्हा होते, आणि गावातली दोन माणसं बसली होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. नवी सून कशी ओरडणार? मी ओरडले नाही. आत्याबाई हळदीचं दूध घेऊन आल्या म्हणून दार उघडलं. मला उलटी झाली. पोर थोड्या वेळाने रडली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून आमची दृष्ट काढली आणि पुन्हा दार लावून घेतलं. त्यांनी ते मायेनेच केलं होतं. पण तो थोडा वेळ, पोर गप्प होती तो वेळ, मी कधी कोणाला सांगितला नाही.

आता शेडमध्ये एक पिल्लू माझ्या पायाशी चोच उघडून बसलं होतं. मी उठले, दार ढकललं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

बोळे काढावे लागणार हे मला कळलं होतं. पण बोळे काढायचे म्हणजे आत्याबाईंना तुमचं चुकलं असं सांगायचं. मला ते जमणं शक्य नव्हतं. म्हणून मी चोरून काढले. बोडीकडच्या बाजूला, घरातून दिसत नाही तिथे, पहिल्या दिवशी एक. बोळा हातात आला तर भिजलेला होता, पिळला असता तर पाणी निघालं असतं. भोकातून गरम हवा तोंडावर आली. मी स्टुलावरून पडतापडता वाचले, एवढी भ्याले. संध्याकाळभर वाटत राहिलं की त्या भोकातून थंडी शिरेल आणि सकाळी सगळीच ताठ होऊन पडलेली दिसतील.

सकाळी सगळी जिवंत होती. त्या झरोक्याच्या आसपास टिन कोरडं होतं, वीतभर.

मग दुसरा काढला, मग तिसरा. सारवणंही बंद केलं. पण आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्या वाकून आत शिरत नाहीत, दारातूनच पाहतात. म्हणून दाराजवळची हातभर जमीन मी रोज सारवत राहिले आणि मागे, त्यांना दिसत नाही तिथे, पुन्हा तूस पसरलं. त्या म्हणायच्या, "आता कमी मरून राह्यल्या, नाही वं? ओव्याचा गुन आहे." मी म्हणायची, हो.

बोडीकडचे सगळे झरोके मोकळे झाले. घराकडचे मी सोडले होते. पण मागचे उघडे आणि पुढचे बंद, तर पुढच्या कोपऱ्यातला ओलावा जाईना. तिथली पिल्लं अजून खरखरत होती. शेवटी एका संध्याकाळी मी घराकडचेही दोन बोळे काढले. उद्या त्या उठायच्या आधी परत लावीन, असं ठरवलं होतं.

त्या पहाटे कडाक्याची थंडी पडली आणि मला जाग आली नाही.

जाग आली ती आत्याबाईंच्या ओरडण्याने. "आग! आग लागली वं! शेड जळून राह्यलं!"

मी धावत परसात आले. नुकतं उजाडत होतं. शेडच्या झरोक्यांतून पांढरा धूर निघत होता. घराकडच्या दोन्ही भोकांतून आणि मागून तर रांगेने, वर वर जात धुक्यात मिसळत होता. क्षणभर मलाही आगच वाटली. शेगडी कलंडली असेल असं वाटलं. पण शेगडी आदल्या संध्याकाळी मी पेटवलीच नव्हती. आत कोंबड्या शांत होत्या. आणि मग मला कळलं की ती वाफ आहे. त्यांच्या श्वासाची वाफ. एवढे दिवस ती आत टिनाला चिकटून राहायची आणि आता बाहेर निघत होती, बोलताना आपल्या तोंडातून निघते तशी.

तोवर माणसं जमली होती. शेजारचे काका बादली घेऊन बोडीकडे धावले, काकू घागर घेऊन, मागून आणखी तीन-चार जण. कोणीतरी जाळीवरची पोती ओढून फाडली आणि एक बादली आत गेली. कोंबड्या किंचाळल्या. त्या थंडीत, बोडीचं पाणी. आणखी दोन बादल्या गेल्या असत्या तर उरलेली सगळी दुपारपर्यंत मेली असती.

मी कशी गेले ते मला आठवत नाही. मी दारासमोर दोन्ही हात पसरून उभी होते आणि ओरडत होते. "पानी टाकू नका! आग नाही! वाफ आहे ते! पानी टाकू नका!"

काका बादली उचललेल्या हाताने तसेच थांबले. "वाफ? कायची वाफ?"

"श्वासाची. त्यायच्या श्वासाची." माझा आवाज फाटला होता. "झरोके मी उघडले. बोळे मी काढले."

मागून काकू हळूच म्हणाल्या, "अरे बाप्पा, ही बोलते."

कोणीतरी हसलं. काकांनी आत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाले, "खरंच, आग नाही काही." मग एकजण आत्याबाईंकडे वळून म्हणाला, "काय मावशी, तुमच्या कोंबड्यायनं बिड्या ओढल्या का?" आता सगळेच हसले.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात पितळी घागर होती. ती त्यांनी तिथेच खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेल्या. ज्या बाईला सगळा गाव वाट देतो, तिचं माझ्यामुळे परसात हसं झालं होतं. आगीची भीती गेली आणि तिच्या जागी ही दुसरी बसली.

पण पिल्लं भिजली होती, उभं राहायला वेळ नव्हता. ऊन आल्याबरोबर मी प्लास्टिक, गोधड्या, पोती सगळं उतरवलं. पिल्लांना टोपल्याखाली उन्हात ठेवलं आणि एकेकाला जुन्या लुगड्याने पुसलं. आतलं ओलं सगळं फावड्याने ओढून काढलं, चुना भुरभुरला आणि मिलमधून आणलेलं कोरडं तूस घातलं. मालक कामावर गेले नाहीत त्या दिवशी. त्यांनी पोत्यांमागून पोती वाहून आणली. त्या दिवशी दोन मेली, बाकीची जगली.

आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ताट वाढायची, त्या जेवायच्या. भांड्यांचा आवाजही मोठा वाटायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तूस हलवत होते तर दारात सावली पडली. त्या गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, आत आल्या. पहिल्यांदाच. आत बसायला विटा होत्या, त्यांवर टेकल्या. मूठभर तूस उचलून दाबलं आणि मूठ उघडली. ते भुरुभुरु गळून गेलं. मग वर झरोक्यांकडे पाहत बसल्या.

"तुले कसं समजलं?" त्यांनी विचारलं.

मी खाली पाहत म्हटलं, "मी इथं बसून पाहिलं. दार लावून."

"आन?"

"माह्या बाळंतपनात झालं होतं, तसंच झालं."

फावडं हातातच राहिलं. हे मी बोलून बसले आणि मला वाटलं, आता संपलं.

त्या म्हणाल्या, "दृष्ट काढली त्या दिवशी?"

मी मान हलवली.

"पोर गप झाली होती?"

मी पुन्हा मान हलवली.

"मंग बोलली काहून नाही वं?"

"बाहेर मानसं होती," मी म्हटलं. "अन् तुमचं भेव वाटे."

एक कोंबडी त्यांच्या पायावर चढून बसली, तरी हाकलली नाही. मग भिंतीला धरून उठल्या. दारात थांबून, माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "ठीक आहे. तुह्या मनानं कर. पन माहे पैसे मले पुरे पाह्यजेत. एक रुपया कमी नोको. आन मी आता इकडे येनार नाही."

त्यांनी रागाने म्हटलं की कशाने, मला अजून कळलं नाही. बाळंतिणींच्या खोल्यांत त्या आता झरोका ठेवतात की नाही, तेही मी विचारलेलं नाही.

तेव्हापासून शेड माझ्या एकटीच्या माथ्यावर आलं आणि मला जास्तच भीती वाटू लागली. आधी चुकलं तर आत्याबाईंचं चुकलं असतं, आता माझं चुकणार होतं. हळूहळू मी शिकले. वरचे झरोके कधीही बंद करायचे नाहीत, कितीही हिव असो. ओली हवा वरूनच जाते. पोती फक्त उत्तरेला लावायची, वारा तिकडून येतो, आणि तीही खालच्या अर्ध्या जाळीला, म्हणजे कोंबड्यांच्या अंगावर झोत येत नाही. ऊन आलं की पोती वर गुंडाळायची. पाण्याची भांडी विटेवर ठेवायची, नाहीतर पाय घालून सांडतात. तूस रोज हलवायचं, ओला ठिपका दिसला की तेवढाच काढून टाकायचा. आणि रोज सकाळी खाली बसून, त्यांच्या नाकाच्या उंचीवर, वास घ्यायचा. काकू विचारतात, "काय वं, सकाळी सकाळी कोंबड्यायच्या पाया पडते का?" मी म्हणते, हो.

शिमग्याला कोंबडे विकले गेले. ते पैसे मी आत्याबाईंना दिले, तो पहिला हप्ता. मग कोंबड्या अंड्यावर आल्या. अड्याळच्या बाजारात मी टोपली घेऊन बसायला लागले. सुरुवातीला मालकांची बहीण माझ्याबरोबर बसायची आणि भाव तीच सांगायची. नंतर मी सांगू लागले, हळू आवाजात, गिऱ्हाईकाला दोनदा विचारावं लागायचं.

दुसरा हिवाळा पहिल्यापेक्षा थंड होता. धुकं दुपारपर्यंत हलायचं नाही. तेव्हा मी दर सकाळी दाराच्या कडीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहायची. कान देऊन ऐकायची, खर्र आवाज येतो का. आत गेल्यावर टिनाकडे पाहायची धास्ती वाटायची. एकदा एका कोपऱ्यात थेंब दिसले तर मी दिवसभर जेवले नाही. तिथल्या झरोक्यात चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या, त्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी थेंब गेले. त्या हिवाळ्यात ओलाव्याने एकही कोंबडी मेली नाही. एक मुंगसाने नेली.

थंडी ओसरली तेव्हा अंड्यांचे शेवटचे पैसे हातात आले. आत्याबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या आणि दूर उभी राहिले. त्यांनी सूप बाजूला केलं, अंगठा ओला करून नोटा मोजल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मला वाटलं, काहीतरी कमी भरलं.

"पुरे झाले," त्या म्हणाल्या. "आता त्या कोंबड्या तुह्या."

आणि नोटा पदरात बांधून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.